नेपोलियनच्या पुतण्यानं एका पाखराला दिलेलं नाव १८० वर्षांनी खरं ठरलं

बोनापार्ट हे आडनाव ऐकलं की डोळ्यांपुढं एकच माणूस येतो. आडवी टोपी, कोटात खुपसलेला हात आणि मागं तोफांचा धूर.

पण याच घरात आणखी एक बोनापार्ट होऊन गेला. त्यानं एकही राज्य जिंकलं नाही. उलट ज्या राज्याच्या बाजूनं तो उभा राहिला ते राज्य पाच महिन्यांत बुडालं, आणि ते बुडवायला फौज पाठवली ती त्याच्याच चुलतभावानं. तरीसुद्धा आज जगातल्या कुठल्याही पक्ष्यांच्या यादीत बोनापार्ट हे आडनाव शोधलं, तर ते पानापानावर सापडतं. ते या दुसऱ्या बोनापार्टचं असतं.

त्याचं नाव चार्ल्स ल्युसियन बोनापार्ट. सम्राट नेपोलियनचा सख्खा पुतण्या. आणि त्यानं नाव दिलेल्या शेकडो पक्ष्यांपैकी एक पक्षी आहे उत्तर आफ्रिकेतला, चिमणीएवढा, राखाडी गालांचा. या पक्ष्याला आधी ओळख मिळाली, मग ती काढून घेतली गेली आणि अगदी अलीकडं ती परत मिळाली.

ही गोष्ट त्या दोघांची आहे.

सुरुवात घरातल्या भांडणापासून करावी लागेल. काका-पुतण्याचा वाद आपल्याला नवा नाही, पण इथं वाद होता दोन सख्ख्या भावांचा. नेपोलियनचा धाकटा भाऊ ल्युसियन हा घरातला हुशार आणि हट्टी माणूस. १७९९ मध्ये नेपोलियननं फ्रान्सची सत्ता हातात घेतली, तेव्हा ल्युसियन तिथल्या एका सभागृहाचा अध्यक्ष होता. ऐन वेळी त्यानं बाजू सांभाळली म्हणून तो डाव यशस्वी झाला, असं इतिहासकार मानतात.

पण पुढं लग्नावरून बिनसलं. ल्युसियनची पहिली बायको वारली होती. नेपोलियनच्या मनात होतं की त्यानं एखाद्या राजघराण्यात सोयरीक करावी. ल्युसियननं मात्र अलेक्झांड्रिन नावाच्या एका विधवेशी संसार मांडला. २४ मे १८०३ रोजी पॅरिसमध्ये त्यांना मुलगा झाला, तोच चार्ल्स. आईवडिलांचं रीतसर लग्न त्यानंतर काही महिन्यांनी लागलं. थोरल्या भावाला हे लग्न कधीच पटलं नाही.

परिणाम असा झाला की नेपोलियन सम्राट झाला त्या वर्षी, म्हणजे १८०४ मध्ये, हे कुटुंब फ्रान्स सोडून इटलीला गेलं. बाकीच्या भावांना राज्यं वाटली जात होती. एक नेपल्सचा राजा झाला आणि नंतर स्पेनचा, एक हॉलंडचा, एक वेस्टफालियाचा. ल्युसियनच्या वाट्याला राज्य आलं नाही.

१८१० मध्ये ल्युसियननं बायकामुलांसह अमेरिकेला जायचं ठरवलं. जहाज निघालं आणि इंग्रजांनी ते समुद्रात अडवलं. शत्रूच्या सम्राटाचा भाऊ आयताच हाती लागला होता. त्यांना आधी माल्टाला आणि तिथून इंग्लंडला नेण्यात आलं. तुरुंगात टाकलं नाही, पण देश सोडायची परवानगीही नव्हती. म्हणजे ज्या वर्षांत नेपोलियन युरोप पालथा घालत होता, त्या वर्षांत त्याचा छोटा पुतण्या इंग्लंडच्या खेड्यात वाढत होता. १८१४ मध्ये सुटका झाली आणि कुटुंब परत इटलीत आलं. पोपनी ल्युसियनला कॅनिनो नावाच्या गावाची जहागिरी आणि प्रिन्सचा किताब दिला.

पुढच्याच वर्षी वॉटर्लू झालं आणि बोनापार्ट घराण्याचा सूर्य मावळला.

अशा घरात वाढलेल्या पोराला दोनच वाटा दिसतात. एक म्हणजे गेलेल्या राज्याची स्वप्नं बघत बसायची. दुसरी म्हणजे त्या सगळ्याकडं पाठ फिरवून स्वतःचं काहीतरी शोधायचं. चार्ल्सला सापडले पक्षी.

विशीच्या आतच त्यानं इटलीच्या पाणथळ भागातल्या वेतांमधून एक बारीक पक्षी शोधून काढला. डोळ्यांवर ठळक पांढरी रेघ असलेला हा वटवट्याच्या जातीचा पक्षी तोपर्यंत शास्त्राला माहीत नव्हता. पुढं १८२३ मध्ये टेमिंक या डच पक्षीतज्ज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं.

१८२२ मध्ये ब्रसेल्सला चार्ल्सचं लग्न झालं. मुलगी घरातलीच होती, सख्खी चुलत बहीण झेनाईद. तिचे वडील जोसेफ म्हणजे नेपोलियनचे थोरले भाऊ, स्पेनचे माजी राजे. राज्य गेल्यावर ते अमेरिकेत न्यू जर्सीला मोठी बाग आणि बंगला घेऊन राहत होते. नवं जोडपं १८२३ मध्ये सासऱ्यांकडं निघालं.

या जहाजप्रवासात चार्ल्सनं काय केलं असेल? लाटांवरून पाय घासत उडणारे काळे समुद्रपक्षी मिळवले आणि तपासले. त्याला वाटलं, ही प्रजाती नवीन आहे. अमेरिकेत पोचल्यावर त्यानं त्यावर निबंध वाचला आणि पक्ष्याला अलेक्झांडर विल्सनचं नाव दिलं. विल्सन हा अमेरिकेतल्या पक्ष्यांवर पहिलं मोठं काम केलेला, तेव्हा दिवंगत झालेला अभ्यासक.

इथं एक नियम समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. एखाद्या प्राण्याला शास्त्रीय नाव देताना ज्यानं पहिल्यांदा नीट वर्णनासह नाव छापलं, त्याचंच नाव टिकतं. नंतर कुणी कितीही सुंदर नाव दिलं तरी ते मागं पडतं. आपल्याकडं सातबाऱ्यावर आधीची नोंद बघतात, तसंच काहीसं. चार्ल्सच्या या समुद्रपक्ष्याचं नाव कूल नावाच्या एका जर्मन अभ्यासकानं १८२० मध्येच छापलं होतं. त्यामुळं चार्ल्सचं शास्त्रीय नाव बाद झालं. इंग्रजी बोलीत मात्र तो पक्षी आजही विल्सनच्याच नावानं ओळखला जातो.

वीस वर्षांच्या पोराला हा धडा चांगलाच लागू पडला. नाव देण्यात वेळेला किंमत असते.

फिलाडेल्फियात चार्ल्स रमला. विल्सनच्या ग्रंथात जे पक्षी राहून गेले होते, त्यांच्यावर त्यानं चार खंडांचा ग्रंथ लिहिला. हे खंड १८२५ ते १८३३ या काळात निघाले. तिथंच १८२४ मध्ये त्याची भेट एका धडपड्या चित्रकाराशी झाली. त्याचं नाव जॉन जेम्स ऑडुबॉन. आज ज्याच्या पक्षीचित्रांना कोट्यवधींची किंमत येते, तोच. तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. चार्ल्सनं त्याला तिथल्या विज्ञान अकादमीत घ्यावं म्हणून प्रयत्न केले, पण विल्सनच्या जुन्या मित्रांनी ते होऊ दिलं नाही.

१८२६ च्या अखेरीस चार्ल्स युरोपला परतला आणि १८२८ पासून रोममध्ये राहू लागला. इटलीतल्या प्राण्यांवर त्यानं चित्रांसह मोठा ग्रंथ काढला. १८३२ ते १८४१ अशी दहा वर्षं त्यावर काम चाललं. १८३८ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची तुलना करणारी यादी काढली. त्या कामात त्यानं कबुतरांच्या एका गटाला बायकोचं नाव दिलं, झेनायडा. अमेरिकेत अंगणात, तारांवर सगळीकडं दिसणारा मोर्निंग डव्ह नावाचा होला याच गटातला.

१८४० मध्ये वडील वारले आणि चार्ल्स कॅनिनोचा प्रिन्स झाला. त्यानंतरच्या वर्षी, १८४१ मध्ये, त्यानं एका फ्रेंच प्राणिशास्त्रीय नियतकालिकात ट्युनिसकडच्या एका फिंच पक्ष्याचं वर्णन छापलं.

आता त्या पक्ष्याकडं वळू.

युरोपात चॅफिंच नावाचा पक्षी आपल्याकडच्या चिमणीइतका सवयीचा आहे. इंग्रजी नावाचा अर्थच भुशातला फिंच. खळ्यावर धान्य झोडपलं की उरलेल्या भुशातले दाणे टिपायला हे थवे यायचे म्हणून हे नाव पडलं. भारतात हा पक्षी क्वचित, हिवाळ्यात, पश्चिम हिमालयाच्या बाजूला दिसतो. युरोपातल्या नराचं डोकं निळसर राखाडी, पण गाल आणि छाती विटकरी गुलाबी, पाठ तपकिरी. पंखांवर दोन पांढरे पट्टे. लिनियसनं १७५८ मध्ये त्याला फ्रिन्जिला सीलेब्स असं नाव दिलं. सीलेब्स म्हणजे ब्रह्मचारी. स्वीडनमध्ये थंडी पडली की माद्या दक्षिणेला निघून जातात आणि मागं बरेचसे नरच राहतात, हे लिनियसनं पाहिलं होतं.

चार्ल्सच्या हातातला पक्षी बांध्यानं तसाच होता, पण रंग वेगळे होते. गालांवर गुलाबी रंगाचा मागमूस नाही. सगळं डोकं आणि गाल एकसारखे निळसर राखाडी. चोचीच्या मुळाशी काळा ठिपका आणि डोळ्याच्या वर आणि खाली पांढरी रेघ, जणू मध्येच तुटलेली अंगठी. पाठीवर हिरवट झाक, पोट फिकट, आणि पंखांवर पांढरा रंग जास्त. म्हणून त्यानं नाव दिलं फ्रिन्जिला स्पोडिओजेनिस. ग्रीक भाषेतल्या या शब्दांचा अर्थ राखेच्या रंगाच्या गालांचा.

त्या काळी युरोपातले अभ्यासक बहुतेक वेळा भुसा भरलेल्या किंवा वाळवलेल्या कातड्यांवरूनच नवे पक्षी ठरवायचे. कातडं गात नाही, घरटं बांधत नाही, कुणाशी जोडी जमवतं हेही सांगत नाही. दिसतो तो फक्त रंग आणि मिळतं ते फक्त माप. तेवढ्या पुराव्यावर चार्ल्सनं ठरवलं की ही स्वतंत्र प्रजाती आहे.

हा पक्षी राहतो तरी कुठं? उत्तर आफ्रिका म्हटलं की आपल्याला फक्त वाळवंट आठवतं. पण भूमध्य समुद्राच्या कडेनं मोरोक्को, अल्जेरिया आणि ट्युनिशियात अ‍ॅटलास पर्वताच्या रांगा आहेत. तिथं पाऊस पडतो, वरच्या भागात बर्फही पडतं. बुचाच्या झाडांची आणि देवदाराची जंगलं आहेत. खाली ऑलिव्हच्या बागा आणि फळबागा आहेत. राखाडी गालांचा चॅफिंच या सगळीकडं दिसतो, शहरातल्या बागांमध्येसुद्धा. याच पक्ष्यांची एक वेगळी वस्ती पूर्वेला लिबियातल्या जबल अखदर, म्हणजे हिरवा डोंगर, नावाच्या टेकड्यांवर आहे. ट्युनिशिया आणि हा डोंगर यांच्यामध्ये कोरड्या किनाऱ्याचा मोठा पट्टा आहे. तिथं झाडंच नाहीत, त्यामुळं चॅफिंचही नाही.

एरवी हा पक्षी जमिनीवर उड्या मारत बिया टिपतो. पिल्लांच्या दिवसांत मात्र झाडांवरच्या अळ्या आणि किडे शोधतो, कारण पिल्लांना वाढायला बियांपेक्षा किड्यांची गरज असते. चॅफिंचचं घरटं बघण्यासारखं असतं. मादी शेवाळ, गवत आणि कोळ्याचं जाळं वापरून घट्ट वाटी विणते आणि बाहेरून दगडफूल लावते, म्हणजे फांदीवर वाटी आहे हे चटकन कळत नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. हा पक्षी फारसा स्थलांतर करत नाही. जिथं जन्मला त्याच डोंगररांगांत राहतो. हिवाळ्यात मात्र युरोपातले विटकरी गालांचे चॅफिंच समुद्र ओलांडून इथं उतरतात. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी फक्त १४ किलोमीटर आहे. दोन्ही जातींचे पक्षी त्या दिवसांत एकाच शेतात दाणे टिपताना दिसतात. वसंत आला की पाहुणे परत जातात आणि घरचे आपल्या झाडांवर घरटी बांधतात. एकाच पंगतीला जेवतात, पण सोयरीक आपापल्या गावात.

चार्ल्सनं ज्या गोष्टीवर बोट ठेवलं होतं, तिचं मर्म इथं होतं. पण ते सिद्ध व्हायला अजून खूप वेळ होता आणि चार्ल्सच्या आयुष्यात तोवर वादळ आलं.

त्याला शास्त्राचं वेड होतं तसं राजकारणाचंही होतं. इटली तेव्हा एक देश नव्हता, तुकड्यांत वाटलेला होता. १८३९ मध्ये पिसा इथं सगळ्या इटालियन शास्त्रज्ञांचं पहिलं संमेलन भरलं, त्यामागं चार्ल्सचा मोठा हात होता. वेगवेगळ्या राज्यांतले अभ्यासक एका मांडवात बसले की ते फक्त किडे आणि दगडांवर बोलणार नाहीत, हे राज्यकर्त्यांना कळत होतं. पोपच्या सरकारला ही संमेलनं पसंत नव्हती.

१८४८ मध्ये सगळ्या युरोपात क्रांतीचा वणवा पेटला. रोममध्ये नोव्हेंबरात पोपच्या मंत्र्याचा खून झाला आणि पोप नववे पायस वेषांतर करून शहराबाहेर निसटले. ९ फेब्रुवारी १८४९ रोजी रोमन प्रजासत्ताकाची घोषणा झाली. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं आपण शाळेत वाचलेली आहेत, ती याच घडामोडीतली. सावरकरांनी मॅझिनीचं चरित्र मराठीत आणल्यामुळं मराठी वाचकांना तर तो विशेष जवळचा. त्या प्रजासत्ताकाच्या सभागृहात निवडून आलेला आणि उपाध्यक्ष झालेला एक सदस्य होता कॅनिनोचा प्रिन्स, चार्ल्स बोनापार्ट.

म्हणजे बघा. सम्राटाचा पुतण्या, पोपच्या किताबानं प्रिन्स झालेला माणूस, आणि तो उभा राहिला पोपची सत्ता संपवणाऱ्या प्रजासत्ताकाच्या बाजूनं. दोन्हीकडून त्याला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले.

तिकडं फ्रान्समध्ये डिसेंबर १८४८ मध्ये दुसरा एक बोनापार्ट अध्यक्ष म्हणून निवडून आला होता. तो होता लुई नेपोलियन, चार्ल्सचा चुलतभाऊ. त्याला आपल्या देशातल्या कॅथलिक मतदारांना खूश ठेवायचं होतं. त्यानं पोपना गादी परत मिळवून द्यायला फौज रवाना केली. एप्रिलमध्ये फ्रेंच सैन्य इटलीच्या किनाऱ्यावर उतरलं. गॅरिबाल्डीच्या माणसांनी रोमच्या टेकड्यांवर झुंज दिली, पण जुलैच्या सुरुवातीला शहर पडलं. प्रजासत्ताक पाच महिनेसुद्धा पुरतं टिकलं नाही.

चार्ल्स पळाला. बायकामुलं, घर, वर्षानुवर्षं जमवलेले नमुने सगळं मागं राहिलं. तो मार्सेयला उतरला तर चुलतभावाच्या सरकारनं त्याला देश सोडायला सांगितलं. तो तरी पुढं निघाला, तेव्हा त्याला वाटेत पकडून किनाऱ्यावर नेलं आणि इंग्लंडकडं रवाना केलं.

राजकारणात सगळं हरलेला, ४६ वर्षांचा, परागंदा झालेला माणूस अशा वेळी काय करेल? चार्ल्स बर्मिंगहॅमला शास्त्रज्ञांच्या वार्षिक परिषदेला जाऊन बसला.

तिथून तो हॉलंडमध्ये लायडनला गेला. लायडनच्या संग्रहालयात तेव्हा जगभरातल्या पक्ष्यांचा प्रचंड संग्रह होता. त्यानं ठरवलं की आता एका देशाची किंवा एका खंडाची यादी करायची नाही. जगातल्या सगळ्या पक्ष्यांना एका रचनेत बसवायचं. या ग्रंथाचा पहिला भाग १८५० मध्ये लायडनहून निघाला.

त्याच १८५० सालात त्यानं एक नाव दिलं, जे त्याच्या मनातलं सगळं सांगून जातं. न्यू गिनीजवळच्या बेटांवरच्या एका स्वर्गीय पक्ष्याचं खराब झालेलं कातडं त्याच्या पाहण्यात आलं. लाल पाठ, पिवळी मान, निळी टोपी आणि शेपटीला दोन गोल वळणं. असल्या देखण्या पक्ष्यांना राजाराण्यांची नावं द्यायची रीत होती. चार्ल्सनं त्याला रेस्पब्लिका हे नाव दिलं. म्हणजे प्रजासत्ताक. नाव देताना त्यानं स्पष्ट केलं की राजेमहाराजांविषयी आपल्याला फारसा आदर नाही, आणि काही स्वार्थी माणसांमुळं जे प्रजासत्ताक स्वर्ग व्हायचं राहून गेलं, त्याच्यासाठी हे नाव आहे.

गंमत म्हणजे हे कातडं ज्यांच्या संग्रहातलं होतं ते अमेरिकेतले विल्सन बंधू, आणि त्यांच्या सन्मानार्थ जॉन कॅसिन हा अभ्यासक त्याच पक्ष्याला विल्सनचं नाव देण्याच्या तयारीत होता. चार्ल्सनं काही महिन्यांनी बाजी मारली. यात सभ्यपणा किती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. बोलीभाषेत तो पक्षी विल्सनचाच राहिला, पण शास्त्रीय नावात प्रजासत्ताक कायमचं कोरलं गेलं. विशीत समुद्रपक्ष्याच्या बाबतीत वेळ चुकली होती, आता त्यानं ती चुकू दिली नाही.

१८५० मध्येच त्याला फ्रान्समध्ये परतायची परवानगी मिळाली आणि तो पॅरिसमध्ये राहू लागला. डिसेंबर १८५२ मध्ये चुलतभाऊ सम्राट तिसरा नेपोलियन झाला. ज्याच्या फौजेनं आपलं प्रजासत्ताक मोडलं, त्याच्याच राजधानीत बसून चार्ल्स पक्ष्यांची यादी लिहीत राहिला. संसार तर केव्हाच उसवला होता. झेनाईदपासून तो वेगळा झाला होता आणि १८५४ मध्ये ती इटलीत वारली. २९ जुलै १८५७ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, चार्ल्सचं पॅरिसमध्ये निधन झालं. त्याच्या ग्रंथाचा दुसरा भाग श्लेगेल या लायडनच्या अभ्यासकानं मार्गी लावला. आणि पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या या माणसाचा एक मुलगा पुढं चर्चमध्ये कार्डिनल झाला.

आता आपल्या राखाडी गालांच्या पक्ष्याचं काय झालं ते पाहू.

१८५० मध्ये एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानं अल्जेरियातल्या याच जातीच्या पक्ष्याला फ्रिन्जिला आफ्रिकाना असं नाव दिलं. पश्चिमेकडचे हे पक्षी ट्युनिशियातल्यांपेक्षा थोडे गडद आणि जास्त हिरवट असतात. त्यानंतर विसाव्या शतकात शास्त्राची हवा बदलली. एकमेकांशी मिळतेजुळते पक्षी वेगळे मोजण्यापेक्षा एका प्रजातीच्या छत्रीखाली आणायचे, असा कल आला. चार्ल्सचा पक्षी युरोपातल्या चॅफिंचची एक उपप्रजाती म्हणून नोंदवला जाऊ लागला. म्हणजे स्वतःचं घर गेलं, मोठ्या वाड्यात एक खोली मिळाली. अनेक दशकं तो तसाच राहिला. पक्षीनिरीक्षकांच्या पुस्तकात त्याला एखादं छोटं चित्र आणि दोन ओळी मिळायच्या.

याचा तोटा कुणाला? पक्ष्याला काय, तो आपला ऑलिव्हच्या बागेत दाणे टिपत होता. पण नावाला वजन असतं. एखादा पक्षी युरोपभर कोट्यवधींनी आढळणाऱ्या प्रजातीचा भाग मानला, तर त्याची वेगळी काळजी कुणी करत नाही. लिबियाच्या एका टेकडीवरची वस्ती घटली काय आणि वाढली काय, एकूण आकड्यात फरक पडत नाही. तीच वस्ती एका छोट्या प्रजातीचा भाग ठरली, की हिशोब बदलतो.

मग डीएनए तपासण्याचं तंत्र आलं. रंगापलीकडं जाऊन कुठल्या पक्ष्यांचे पूर्वज कधी वेगळे झाले, हे जनुकांवरून कळू लागलं. चॅफिंचच्या कुटुंबात तपासणी झाली तेव्हा दिसलं की युरोपातले, उत्तर आफ्रिकेतले आणि अटलांटिक महासागरातल्या अझोर्स, मदेरा व कॅनरी बेटांवरचे चॅफिंच एकमेकांपासून फार पूर्वी दुरावलेले आहेत. दर हिवाळ्यात एका शेतात चरूनही आफ्रिकेतल्या पक्ष्यांनी आपली वेगळी वंशरेषा राखली होती. २०२१-२२ च्या सुमारास जगातल्या प्रमुख पक्षीयाद्यांनी उत्तर आफ्रिकेतला चॅफिंच पुन्हा स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्य केला.

नवीन नाव शोधायची गरजच नव्हती. नियम तोच, आधीची नोंद कुणाची? आफ्रिकाना १८५० चं. स्पोडिओजेनिस १८४१ चं. म्हणून मोरोक्कोपासून लिबियापर्यंतच्या या सगळ्या पक्ष्यांचं प्रजातीचं नाव पडलं फ्रिन्जिला स्पोडिओजेनिस. आफ्रिकाना हे नाव पश्चिमेकडच्या उपप्रजातीला राहिलं. लिबियाच्या हिरव्या डोंगरावरचे पक्षीही थोडे वेगळे आहेत, हे तर २०१५ मध्ये नोंदवलं गेलं आणि त्यांना हार्टर्ट या जुन्या जर्मन पक्षीतज्ज्ञाचं नाव मिळालं.

शास्त्रीय यादीत हे नाव आज असं दिसतं: फ्रिन्जिला स्पोडिओजेनिस, बोनापार्ट, १८४१. यात एक बारीक खूण आहे. एखादा पक्षी पुढं दुसऱ्या गटात हलवला गेला, तर मूळ नाव देणाऱ्याचं आडनाव कंसात टाकतात. इथं कंस नाही. म्हणजे चार्ल्सनं त्याला ज्या गटात ठेवलं, तिथंच तो आजही आहे.

थोरल्या काकांचं साम्राज्य दहा-अकरा वर्षांत संपलं. चुलतभावाचं अठरा वर्षांत. चार्ल्सचं प्रजासत्ताक तर पाच महिन्यांत. आणि ट्युनिशियातल्या बुचाच्या जंगलात, वसंतातल्या एखाद्या सकाळी, राखाडी गालांचा एक पक्षी फांदीवर बसून गातोय. तो कुठल्या राजाचा प्रजाजन हे त्याला ठाऊक नाही. पण त्याच्या नावापुढं आजही एका बोनापार्टची सही आहे.